कडब्याचा हिशेब : बालाघाटाच्या ज्वारीची गेली शंभर-दीडशे वर्षे

चैत्री पौर्णिमेला धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी देवीची पालखी आमराईकडे निघते, तेव्हा वाटेतल्या काळ्या रानात भाविक चुनखडीचे खडे वेचतात आणि त्या चुन्याने मंदिराला रंग देतात, अशी परंपरा आहे. श्रद्धेच्या अंगाने या विधीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण शेतीच्या इतिहासाच्या अंगानेही तो वाचता येतो. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे राहतात, याचा अर्थ चुना धुऊन नेईल इतका पाऊस तिथे पडत नाही. बालाघाटाच्या या पठारावर सरासरी सात-आठशे मिलिमीटर पाऊस होतो, तोही लहरी, आणि त्याचा मोठा वाटा भाद्रपदाच्या आसपास येतो. ही चिकण काळी माती ते पाणी पोटात धरून ठेवते. आश्विनात वरून पाऊस थांबला तरी खालच्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर पोसून माघ-फाल्गुनात काढणीला येईल असे एकच मोठे धान्यपीक इथल्या कोरडवाहू माणसाला ठाऊक होते, ते म्हणजे रब्बीची ज्वारी, शाळू. यात्रा येते ती या ज्वारीची रास घरात पडल्यावर. रानातली चुनखडी आणि कणगीतली ज्वारी या दोन्ही गोष्टी एकाच मातीचे आणि एकाच पाऊसमानाचे गुण सांगतात.

फिलिपिन्समध्ये भाताला जे स्थान आहे, तेच या पठारावर ज्वारीच्या भाकरीला होते. ‘होते’ हा भूतकाळ जपूनच वापरायला हवा, कारण भाकरी गेलेली नाही. मात्र ती एकमेव राहिलेली नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत आज गव्हाची चपाती आणि रेशनचा तांदूळ रोजचा झाला आहे, आणि शिवारात ज्वारीच्या जागी सोयाबीन उभे आहे. हे का घडले याची दोन उत्तरे सहज दिली जातात. एक, माणसांची आवड बदलली. दोन, ज्वारी परवडेनाशी झाली. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. माझे म्हणणे असे आहे की ज्वारी हरली ती चुकीच्या मापाने मोजली गेल्यामुळे. शेतकरी घर तिला धान्य आणि कडबा अशा दोन्ही हातांनी मोजत होते. सरकार, बाजार आणि संशोधन यांनी तिला केवळ हेक्टरी क्विंटलमध्ये मोजले. कडबा हिशेबातून गळाला, आणि ज्या पिकाचे निम्मे मोल हिशेबातच नाही ते कागदावर तोट्याचेच दिसणार. गेल्या शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने तपासला तर त्यातले बरेच दुवे जुळतात.

आधी ती जुनी व्यवस्था नीट समजून घेतली पाहिजे. ज्वारीचे एक ताट दोघांना पोसत असे. कणीस माणसाला, ताट बैलाला. पुरुषभर उंचीची शाळू उपटून काढायची, कणसे मोडायची, ताटांच्या पेंढ्या बांधून त्यांची गंज रचायची. कणसांची खळ्यावर पात धरून मळणी, मग वाऱ्यावर उफणणी, मग रास. त्या राशीवरूनच बलुतेदारांचे वाटे निघत, सालगड्याचे साल धान्यात ठरत असे, आणि पुढच्या पेरणीचे बियाणेही तिच्यातूनच बाजूला काढले जाई. उरलेले धान्य कणगीत किंवा पेवात जाई. उंचवट्याच्या मुरमाड जागी खोल खणलेले, आतून कडबा-भुसकट लावलेले आणि वरून मातीने बंद केलेले पेव ज्वारी वर्षानुवर्षे टिकवून ठेवी. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, कारण कोंडलेला वायू जीव घेऊ शकतो, हे गावातल्या पोरासोरालाही माहीत होते. दोन वर्षे पाऊस न आला तरी तिसऱ्या वर्षाला तोंड देण्याची ताकद या पेवात होती. म्हणजे ज्वारी एकाच वेळी अन्न होती, वैरण होती, मजुरी होती आणि बचतही होती. तिच्या कडब्यावर बैल जगे आणि बैलाच्या बळावर पुढची पेरणी होई. या साखळीतली कडबा ही कडी काढून घेतली तर उरते फक्त एक कमी उत्पन्नाचे धान्य.

या धान्याची रूपेही एका भाकरीत संपत नव्हती. थंडीत कोवळ्या कणसांचा हुरडा, उन्हाळ्यात आंबील, आजाऱ्याला कण्या, प्रवासाला धपाटी, उपाशी पोटी ताकात कालवलेली शिळी भाकरी, सणाला लाह्या. भाकरीबरोबर कोरड्यास, पिठले, ठेचा, हरभऱ्याची भाजी असे जे काही येई, ते तोंडी लावणे म्हणूनच. जेवला का, या प्रश्नाचे उत्तर भाकरीवरून ठरत असे. मार्गशीर्षाच्या अमावस्येला, वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिव भागातली घरेच्या घरे अजूनही शिवारात जातात. उभ्या पिकात कडब्याची कोप करतात, तिच्यात पांडवांची पूजा मांडतात, आणि भज्जी, उंडे, आंबील असे जेवण रानातच होते. त्या दिवशी देव बसतो तो कडब्याच्याच घरात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कडब्याला लोकांनी उप-उत्पादन मानले नव्हते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

इथे एक आक्षेप येऊ शकतो. ज्वारी काही या मातीत जन्मलेली नाही. ती मूळची आफ्रिकेची. सुदानच्या परिसरात माणसाळवली गेली आणि काही हजार वर्षांपूर्वी भारतात आली. भाकरीबरोबरची मिरची आणि शेंगदाणा तर अमेरिकेतून आलेले. मग एका परक्या पिकाची जागा दुसऱ्याने घेतली तर खंत कशाची? हा आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच परंपरेच्या नावाने ज्वारीचा कैवार घेण्यात अर्थ नाही. ज्वारीचा हक्क तिच्या वयावर उभा नसून या मातीशी आणि या पावसाशी जमलेल्या तिच्या मेळावर उभा आहे. बाहेरून आलेल्या अनेक पिकांतून शेकडो पिढ्यांनी तिला निवडले, कारण तुटपुंज्या ओलीवर माणूस आणि जनावर दोघांनाही जगवण्याच्या कसोटीला तीच उतरली. तिच्या जागी येणाऱ्या पिकालाही हीच कसोटी लावली पाहिजे. ते परके आहे की देशी, हा प्रश्न गौण आहे.

राज्यसत्तेला या धान्याचे मोल फार पूर्वीपासून कळले होते. बेदरच्या बहामनी राजवटीत मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेसाठी खुली केली, ही कथा महाराष्ट्राने शतकानुशतके जपली; आणि मंगळवेढा हे आजही ज्वारीचे कोठार म्हणून ओळखले जाते. धाराशिवचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. 1853 च्या तहाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर हा भागही इंग्रजांच्या कारभारात गेला, आणि 1860 मध्ये निजामाकडे परत आला. मधल्या काही वर्षांत नळदुर्गचा कारभार मेडोज टेलर या अधिकाऱ्याने पाहिला. त्याने जमिनीची पाहणी केली, रस्ते आणि तलाव केले. पुढे 1904 मध्ये जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला आले. राजवटी बदलल्या, तरी सारा भरायचा तो याच राशीतून आणि पोट भरायचे तेही याच राशीतून. सारा रोखीत द्यावा लागू लागला, तसतसा राशीचा वाटा खळ्यावरूनच व्यापाऱ्याकडे जाऊ लागला. पेवात शिल्लक पडायची ती कमी होऊ लागली.

रेल्वेने हा ओघ वाढवला. 1860 मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली, आणि 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वेने बार्शीचा बाजार मुख्य मार्गाला जोडला. ही छोटी रेल्वे 1911 पर्यंत लातूरला गेली. येरमाळ्याच्या पठारावरच्या गावांना बार्शीचा बाजार जवळचा. कापूस, गळिताचे धान्य आणि ज्वारी यांना दूरचे गिऱ्हाईक मिळाले. या बदलाचा फायदा नाकारण्याचे कारण नाही. दुष्काळात बाहेरचे धान्य येण्याची वाटही त्यानेच उघडली. मात्र जी गाडी धान्य आणते ती धान्य नेतेही, हे 1876 ते 1878 च्या महादुष्काळात दख्खनने पाहिले. सोलापूर आणि निजामाच्या पश्चिमेकडचे जिल्हे त्या दुष्काळात होरपळले, 1899-1900 मध्ये पुन्हा होरपळले. दोन्ही वेळा माणसांइतकीच, काही ठिकाणी त्याहून जास्त, जनावरे मेली. धान्य भाव वाढला की दुरूनही येते. कडबा अवजड, त्याची वाहतूक परवडत नाही, म्हणून तो येत नाही. म्हणून दुष्काळ सरल्यावरही पेरणीला बैल नसे, आणि एका वर्षाचे संकट तीन-चार वर्षे पुरे. कडबा हिशेबाबाहेर ठेवल्याची किंमत या पठाराने अशी पहिल्यांदा मोजली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजाम राज्यात सक्तीची धान्यवसुली, लेव्ही, आली. घरातल्या धान्याची मोजदाद, ठरावीक भावाने वसुली आणि ती करणाऱ्यांची मनमानी यांमुळे लेव्ही हे हैदराबाद संस्थानातल्या शेतकऱ्यांच्या रोषाचे एक मोठे कारण बनले. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. नव्या राज्यात ज्वारीखाली 60 लाख हेक्टरांच्या पुढे क्षेत्र होते. कोणत्याही दुसऱ्या पिकाला इतकी जमीन मिळालेली नव्हती. पण राज्य धान्याच्या तुटीचे होते. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी महाराष्ट्र दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याचा विडा उचलला, आणि त्यांच्या मोहिमेचे मुख्य साधन होते संकरित ज्वारी. 1964 मध्ये सीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. हेक्टरी धान्य खरोखरच वाढले. टंचाईच्या त्या वर्षांत हा प्रयत्न चुकीचा होता असे कोणी म्हणू शकणार नाही.

तरीही ‘हायब्रीड’ने ज्वारीचे स्थान पक्के न करता उलट सैल केले. हा वाण खरिपाचा, बुटका आणि लवकर तयार होणारा. त्याची कणसे परतीच्या पावसात सापडली की दाणा काळा पडे. अशा दाण्याच्या भाकरीला ना रंग ना चव, आणि बाजारात भावही नाही. ताट आखूड आणि जाड, म्हणून कडबा कमी आणि जनावराला नकोसा. दुसऱ्या बाजूला रब्बीत मालदांडी 35-1 हा वाण होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर 1930 च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला. त्याचे धान्य हायब्रीडइतके भरघोस नाही, पण मोत्यासारखा दाणा, गोड भाकरी आणि उंच, रसाळ कडबा. इतक्या दशकांत अनेक नवे वाण आले, तरी शेतकऱ्याने मालदांडी सोडली नाही. संशोधन मुख्यतः दाण्याचे वजन वाढवत राहिले आणि शेतकरी दाण्याबरोबर कडबा मागत राहिला. या दोन मापांतली तफावत इतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

मग 1972 उजाडले. आधीची दोन वर्षे पाऊस रुसलेला, आणि त्या वर्षी तर मराठवाडा, सोलापूर, नगर, पुण्याचा पूर्व भाग इथे खरीपही गेले आणि रब्बीही. पेवांची रीत तोवर मोडत आली होती. राज्याने साठ्यांची जबाबदारी घेतली होती आणि घराने ती सोडली होती. सरकारने या दुष्काळाला ज्या तऱ्हेने तोंड दिले त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडण्याची कामे गावोगाव निघाली. मे 1973 मध्ये राज्यभर 50 लाखांच्या आसपास माणसे या कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेची मुळे याच काळात घट्ट झाली. तिचा कायदा 1977 मध्ये झाला. एकोणिसाव्या शतकात अशा दुष्काळात लाखो माणसे मेली होती, ती या वेळी वाचली. मजुरांच्या मुलांना सुकडी मिळाली आणि रेशनवर परदेशातून आणलेली लालसर ज्वारी आली, लोक तिला मिलो म्हणत. जातीने तीही ज्वारीच. पण अमेरिकेत ती प्रामुख्याने जनावरांचे खाद्य म्हणून पिकवली जात होती. तिची भाकरी पिढीच्या आठवणीत कडवट राहिली.

या दुष्काळाचा सर्वांत खोल घाव मात्र गोठ्यावर बसला. माणसांना धान्य पोचले, जनावरांना वैरण पोचली नाही. बैल कवडीमोलाने विकले गेले, अनेक दावणी ओस पडल्या. ज्या घराचा बैल गेला त्याला पुढच्या हंगामात पेरणीसाठी उसनवारी करावी लागली, आणि ज्याला उसनवारी जमली नाही तो मजूर झाला. ऊसतोडीला जाणाऱ्या बालाघाटच्या टोळ्या पुढे वाढत गेल्या, त्यामागे सिंचनाचा अभाव, जमिनीचे तुकडे अशी अनेक कारणे आहेत. पण गोठा मोडणे हे त्यांतले एक मोठे कारण आहे. ऊसतोडीचा हंगाम नेमका रब्बीच्या पेरणीनंतर सुरू होतो आणि ज्वारी काढणीला येते त्या सुमारास जोरात असतो. परिणामी, ज्वारी उपटायला गावात हात उरेना. एका दुष्काळाने सुटलेली कडी पुढच्या पन्नास वर्षांत साखळीच सैल करत गेली. योगायोग असा की त्याच 1972 मध्ये परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळ पाटणचेरूला कोरडवाहू पिकांची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. पुढे या दोघांच्या सहकार्यातून लोह आणि जस्त अधिक असलेली परभणी शक्ती ही ज्वारी आली. ज्ञानाची वाण नव्हती. पिकलेल्या ज्वारीची खात्रीने खरेदी करणारा मात्र कोणी नव्हता.

इथे आवडीचा मुद्दा घेतला पाहिजे. चपाती मऊ, टिकाऊ, डब्याला सोयीची. गहू पूर्वी सणासुदीचे अन्न, म्हणून त्याला प्रतिष्ठा. शिवाय भाकरी करणे हे कष्टाचे आणि कौशल्याचे काम आहे. पीठ ताजे लागते, काटवटीत ते मळायला तळहाताचा जोर लागतो, प्रत्येक भाकरी वेगळी थापावी लागते, आणि चुलीच्या धगीपुढे बसावे लागते. हे कष्ट पिढ्यान्पिढ्या बायकांनीच उपसले. त्यातून सुटका हवीशी वाटणे हा माणसाचा हक्क आहे, आणि ज्वारीच्या कैवाऱ्यांनी त्याकडे डोळेझाक करू नये. तरीही आवड हे कारण पुरे पडत नाही. आवडीने माणूस एखाद्या वेळी दुसरे काही खातो. रोजचे अन्न बदलते ते भावाने. रेशन दुकानात दशकानुदशके गहू-तांदूळ स्वस्त मिळत राहिला. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने माणशी 5 किलो धान्याचा हक्क दिला. त्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया किलो असे दर लिहिलेले होते. म्हणजे कायद्याने ज्वारीला सर्वांत स्वस्त दर दिला, पण आमच्या भागातल्या दुकानांत पोत्यांतून आला तो पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेशचा गहू आणि बाहेरचाच तांदूळ. ज्या गावात ज्वारी पिकते तिथल्या गरिबाला ज्वारी बाजारभावाने घ्यावी लागते आणि गहू जवळपास फुकट मिळतो. अशा वेळी ताट बदलले तर तो आवडीचा कौल आहे असे कसे म्हणावे?

दुसरा मुद्दा शेतकऱ्याच्या मिळकतीचा, आणि तो अधिक भक्कम आहे. गेल्या तीस वर्षांत लातूर-धाराशिवचे शिवार सोयाबीनने व्यापले, ते काही कोणी जबरदस्ती केली म्हणून नव्हे. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत येते, यंत्राने मळता येते, लातूरच्या बाजारात लगेच रोख मिळते, आणि मुलांची फी, दवाखाना, लग्न या गरजा धान्याने भागत नाहीत. उंच शाळूला हार्वेस्टर चालत नाही. ती उपटायला, कणसे मोडायला माणसे लागतात. ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी झाले, बैल कमी झाल्यावर कडब्याची घरची गरजही घटली. हे सारे खरे आहे, आणि शेतकऱ्याला पुन्हा दारिद्र्यातल्या ज्वारीकडे ढकलावे असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न एवढाच की हा हिशेब पुरा आहे का? सोयाबीनचा पैसा बाजारभावावर लटकलेला असतो. 2024-25 मध्ये त्याचा हमीभाव 4892 रुपये क्विंटल असताना शेतकऱ्याला बाजारात अनेकदा त्याहून कितीतरी कमी दर मिळाला. तेलबियांच्या भावाची नाडी परदेशी तेलाच्या आयातीशी बांधलेली आहे. ज्वारीचा भाव पडला तरी धान्य घरात खायला राहते आणि कडबा दावणीला. विम्याचा हा भाग रोखीच्या ताळेबंदात दिसत नाही.

पण तो दुष्काळात दिसतो. 2012-13, 2015-16 आणि 2018-19 या वर्षांत मराठवाड्याने पुन्हा दुष्काळ पाहिले. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. या वर्षांत धान्याची टंचाई नव्हती. रेशनचे गहू-तांदूळ दुकानात होते, आणि ही अन्न सुरक्षेची मोठी कमाई आहे. उपासमार टळली याचे मोल कमी लेखता येणार नाही. टंचाई होती ती पाण्याची आणि वैरणीची. धाराशिव, बीड, सोलापूर जिल्ह्यांत चारा छावण्या उभाराव्या लागल्या, तिथे जनावरांना ऊस आणि उसाचे वाढे घातले गेले, आणि घरातले एक माणूस महिनोन्महिने छावणीत जनावरांजवळ राहिले. म्हणजे 1876, 1972 आणि 2013 या तिन्ही वेळी राज्याची धान्य पोचवण्याची ताकद उत्तरोत्तर वाढली, पण चाऱ्याचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. कारण तिन्ही वेळी अन्न म्हणजे केवळ दाणा असेच गृहीत धरले गेले. या पठाराला तर हे गृहीत विशेष महाग पडते. भूम-कुंथलगिरीचा खवा हा इथल्या कोरडवाहू घरांचा मोठा आधार आहे. खव्यामागे दूध आहे, दुधामागे म्हैस आहे आणि म्हशीमागे कडबा आहे. कडब्याचे दर कडाडले की या उद्योगाचे गणित विस्कटते.

मुख्य अन्न केवळ प्रेमाने टिकत नाही, हे फिलिपिन्सच्या उदाहरणावरूनही कळते. तिथे भात नसलेले जेवण जेवण मानले जात नाही. उत्तर लुझॉनमधल्या इफुगाओंच्या डोंगर-पायऱ्यांवरची भातशेती 1995 मध्ये जागतिक वारसा ठरली. लॉस बान्योस इथे 1960 मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली आणि 1966 मध्ये तिने आयआर-8 हा वाण दिला. सरकारने धान्य खरेदीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली, 1973 मध्ये ‘मासागाना 99’ ही कर्जपुरवठ्याची मोहीम काढली. या पाठबळामुळेच तिथल्या ताटात भात अढळ राहिला; इतके पाठबळ ज्वारीला कधीही मिळाले नाही. पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहावी लागेल. फिलिपिन्स आज जगातला सर्वांत मोठा तांदूळ आयातदार देश आहे. सेबूसारख्या कोरड्या बेटांवर मक्याचे दाणे शिजवून खाणारी माणसे होती आणि आहेत, पण भाताच्या राजकारणात त्यांचे अन्न गरिबाचे अन्न ठरले. म्हणजे पाठबळाने अन्न टिकते, मात्र ते पाठबळ जमीन-पाण्याशी जुळणारे नसेल तर देश परावलंबी होतो. महाराष्ट्राने दोन्ही धडे घ्यावेत असे आहेत : आपल्या कोरडवाहू पठाराशी जुळणारे धान्य आपल्याकडे आहे, फक्त पाठबळ नाही.

आता ज्वारीचे दिवस आपोआप परत येत आहेत, असे काही जण म्हणतात. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, शहरांत भाकरीला आरोग्यदायी अन्न म्हणून मागणी आली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पुढे जालन्याच्या दगडी ज्वारीलाही मिळाले. यात आनंद आहे, पण हे परतणे अर्धवट आहे. शहरी मागणीने ज्वारीचा भाव वाढला तर पिकवणाऱ्याला लाभ होईल. मात्र मजुराच्या घरातून ती आणखी दूर जाईल. राज्यातले ज्वारीचे क्षेत्र आज 1960 च्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याखाली आले आहे. जे अन्न एकेकाळी शेतमालक आणि सालगडी दोघांच्याही ताटात होते ते फक्त ऐपतदाराच्या ताटात उरले, तर त्याला मुख्य अन्न म्हणता येणार नाही. हमीभावाची घोषणा ही खरेदीची हमी नसते, हेही विसरू नये. 2024-25 मध्ये मालदांडीचा हमीभाव 3421 रुपये होता, धानाचा 2300. आकडा ज्वारीचा मोठा, पण खरेदी केंद्रांवर रांग लागली ती धानाची.

म्हणून मागणी साधी आहे. राज्याने रब्बी ज्वारीची हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी करावी आणि ती याच जिल्ह्यांच्या रेशन दुकानांतून, शाळांच्या पोषण आहारातून आणि अंगणवाड्यांतून वाटावी. काही जिल्ह्यांत गव्हाचा थोडा भाग कमी करून ज्वारी देण्याचे जे प्रयोग अलीकडे झाले, ते हंगामी न ठेवता कायमचे करावेत. ज्वारी लवकर किडते, साठवणे अवघड, हा अधिकाऱ्यांचा आक्षेप दूरच्या गोदामांना लागू पडतो. तालुक्यात घेऊन तालुक्यातच वाटलेल्या धान्याला तो फारसा लागू पडत नाही. संशोधन संस्थांनी उंच शाळू कापणारे, कडबा न नासवणारे छोटे यंत्र आणि भाकरीचे कष्ट हलके करणारी साधने यांवर दाण्याच्या उत्पादनाइतकाच भर द्यावा. आणि पीक पाहणी, पीक विमा, नुकसानभरपाई, उत्पादकतेचे तक्ते या प्रत्येक कागदावर ज्वारीच्या धान्याशेजारी कडब्याचा एक रकाना असावा. हा रकाना भरला गेला की ज्वारी तोट्याची की फायद्याची, हे येरमाळ्याच्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज राहणार नाही. त्याच्या आज्या-पणज्यांनी तो हिशेब कधीच पुरा केला होता, आता सरकारने तो पुरा करायचा आहे.